तानपुरा गावाला नेताना सांभाळायचा तो गळा

तानपुरा प्रवासात मोडतो तो बहुतेक वेळा गळ्याशी, म्हणजे दांडी भोपळ्याला जोडलेली असते तिथे. भोपळा फुटेल या धास्तीने लोक त्याच्याभोवती चार गोधड्या गुंडाळतात आणि दांडी तशीच लोंबकळत ठेवतात. तानपुऱ्याची प्रवासाची पेटी आदळली की भोपळा जागच्या जागी थांबतो, दांडी मात्र लांब असल्याने झोकाने पुढे जाते आणि सगळा ताण त्या सांध्यावर येतो.

म्हणून पेटी भरताना आधी गळ्याखालची पोकळी बुजवा. भोपळ्याची पाठ फुगीर असते, त्यामुळे तानपुरा पाठीवर ठेवला की गळा आणि दांडी अधांतरी राहतात. तिथे जुन्या सुती साडीची घट्ट घडी किंवा फोमचा तुकडा असा बसवा की दांडी हाताने दाबली तरी खाली जाऊ नये. मग बाजूच्या, तारा पिळायच्या खुंट्या. त्या बाहेर आलेल्या असतात आणि धक्का पहिला त्यांनाच बसतो. खुंटीला मार लागला तर ती नुसती तुटत नाही, तिचं भोकही चिरतं आणि मग खुंटी धरतच नाही. तिच्या दोन्ही अंगांना कापड भरा, टोकाला मात्र पेटी टेकू देऊ नका.

तारा पूर्ण सैल करू नयेत. जोडीचा, म्हणजे मधल्या दोन तारांचा, षड्ज (सा) खालच्या पंचमावर (प) येईल इतपत पुरे, आणि बाकीच्या तारा त्याच मानाने. एकच तार एकदम न उतरवता चारही आळीपाळीने थोड्या थोड्या उतरवा, नाहीतर घोडी, म्हणजे भोपळ्यावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कलते. फार ढिल्या केल्या तर तारांच्या दाबावरच बसलेली घोडी सरकते आणि लागलेली जवारी, म्हणजे तारांचा तो घुमारा, हातची जाते. निघण्यापूर्वी घोडीच्या पायांभोवती पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा. जवारीचं सूत, म्हणजे घोडीवर तारांखाली घातलेला दोरा, काढून डबीत ठेवा. सूर बारीक जुळवायच्या, तारांत ओवलेल्या मण्यांखाली मऊ फडकं सरकवा, नाहीतर ते मणी रात्रभर तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या लाकडी झाकणावर, टकटक वाजत पॉलिश खरवडतात.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात बंद उभी असलेली गाडी त्याहून कितीतरी जास्त तापते. जुन्या तानपुऱ्याचे सांधे सरसाने जोडलेले असतात. हा सरस उष्णतेने मऊ पडतो आणि सांधा उघडतो. लाखेच्या पॉलिशचंही तसंच. फुगेवालं प्लास्टिक थेट अंगाला गुंडाळलं तर गरमीत त्याचे गोल ठसे उमटतात, म्हणून आत सुती कापड हवंच. संत्र्याच्या पेटीतलं तणस भरायचा मोह होतो, पण ते टोचतं आणि ओल धरतं. वाद्य आदल्या रात्री कूलरच्या झोतात ठेवू नका. ओल्या हवेत फुगलेलं लाकूड बाहेरच्या कोरड्या उन्हात आकसलं की चिरा पडतात.

रेल्वेने मुंबईला जायचं तर नागपूरहूनच सुटणारी सेवाग्राम किंवा दुरांतो एक्सप्रेस बरी. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून येते, त्यामुळे चढायला घाई होते. सामानाच्या डब्यात वाद्य कधीच देऊ नये. खालच्या बर्थखाली पुरुषी (मोठ्या आकाराच्या) तानपुऱ्याचा भोपळा पेटीसकट सहसा मावत नाही. वरच्या बर्थवर तबली वर करून, भोपळा खिडकीच्या टोकाला ठेवा आणि पट्ट्याने साखळीला बांधा. पाय आखडून झोपावं लागेल, त्याला इलाज नाही. विमानाने जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी पेटीची लांबी सांगून विचारा, आणि वाद्य सामानात द्यावं लागणार असेल तर फायबरचीच कडक पेटी घ्या.

मुंबईच्या दमट हवेत पोचल्यावर पेटी लगेच उघडू नका. तीन-चार तास खोलीत तशीच राहू द्या. मग पेन्सिलीची खूण पाहा, घोडी जागेवर आहे याची खात्री करा आणि तारा आळीपाळीनेच वर चढवा. दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात. जोर लावू नका, खुंटी किंचित बाहेर ओढून फिरवा. घसरत असेल तर थोडा खडू लावा. सूत सगळ्यात शेवटी.