एदोकालीन डोकी : सामुराय पूर्ण, रोनिन अर्ध्यावर

मी घडवत असलेल्या जपानी डोक्यांच्या शिल्पमालिकेतलं पहिलं डोकं, म्हणजे नोकरीत असलेला सामुराय, रंगवून झालं. रोनिनचं, म्हणजे धनी नसलेल्या सामुरायचं, काम चालू आहे. सुमो पैलवानाचा अजून नुसता तारेचा सांगाडा उभा आहे. सगळं काम एपॉक्सी पुटीत, वर अॅक्रिलिक.

या डोक्यांवर केस कोरण्याइतकीच मेहनत जिथे केस नाहीत तिथे लागते. कपाळापासून टाळूपर्यंत तासलेला भाग म्हणजे साकायाकी. लढायांच्या काळात शिरस्त्राणाखाली डोकं तापू नये म्हणून ही पद्धत रुळली असं मानतात. पुढे एदो काळाच्या (१६०३ ते १८६८) शांततेत लढाया थांबल्या, साकायाकी मात्र राहिली आणि व्यापारी-कारागिरांच्या डोक्यांवरही आली. मुलगा वयात आला की गेनपुकुच्या विधीत त्याची पुढची झुलपं उतरवत. म्हणजे कपाळाकडे बघूनच पोरगा की पुरुष हे कळायचं. वैद्य, विद्वान आणि डोंगरांत फिरणारे यामाबुशी तपस्वी साकायाकी न करता सगळे केस मागे घेऊन बांधत. त्याला सोहात्सु म्हणतात.

रंगाबद्दल सांगतो. तासलेली टाळू गालाच्याच रंगात रंगवली तर टक्कल दिसतं, आणि टक्कल पडलेला माणूस ही वेगळी गोष्ट झाली. केस त्वचेखाली आहेत हे दिसलं पाहिजे. त्यासाठी त्वचेच्या रंगावर निळसर करड्याचा पाण्यासारखा पातळ हात, वाळला की पुन्हा एक. कानशिलांवरच्या केसांची, म्हणजे बिनची, कड मात्र धारदार ठेवायची. वस्तरा तिथेच थांबलेला असतो. तेल लावून मागे ओढलेले केस कोरताना सुईच्या रेघा मोतोयुईकडे, म्हणजे बुचडा बांधणाऱ्या कागदी दोरीकडे, एकवटल्या पाहिजेत. एक जरी रेघ दुसरीकडे वळली तरी ओढ जाते आणि डोकं सैल वाटतं.

रोनिन मला सगळ्यांत जवळचा वाटतो. धनी नाही, तनखा नाही. बुचडा अजून आहे, पण साकायाकीवर केस वाढलेत. काबुकी नाटकांतल्या टोपांतही रोनिन असाच ओळखू येतो. वाढलेली साकायाकी दर वेळी गरिबीचीच खूण असे असं मात्र नाही. शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, वारला की सामुरायांनी ठरावीक दिवस साकायाकी करायची नसे, आपल्याकडे सुतकात दाढी करत नाहीत तसंच. म्हणून माझ्या रोनिनचे केस नुसते वाढवून भागणार नाही. बिनमधून सुटलेल्या बटा आणि ढिली पडलेली दोरी हवी, तेव्हाच त्याची परिस्थिती कळेल. सध्या टाळूवर आखूड केसांसाठी ताठ ब्रशने ठिपके देऊन बघतोय. मध्यभागी दाट आणि कडेला विरळ ठेवले की चांगले दिसतात.

शेवटच्या डोक्यांसाठी वाचन चालू आहे. १८७१ च्या जपानी सरकारच्या फर्मानाने केस कापायला आणि तलवार न बाळगायला मोकळीक दिली. सक्ती नव्हती. त्याच वर्षी सरकारातले ज्येष्ठ नेते इवाकुरा तोमोमी शिष्टमंडळ घेऊन परदेशी निघाले ते बुचड्यासह, आणि अमेरिकेत असताना त्यांनी तो कापला. १८७३ मध्ये सम्राट मेइजींनी केस कापले, त्यानंतर बाकीच्यांचा बुचडा ठेवण्याचा आग्रहही ओसरत गेला. इवाकुरांची दोन डोकी शेजारी शेजारी करायची फार इच्छा आहे : आधीचं आणि नंतरचं.

सुमोचं डोकं मात्र आजचंच असेल. तिथे साकायाकी नाही, पण दर्जा केसांवरच दिसतो. बुचड्याचं टोक गिंको झाडाच्या पानासारखं पसरवलेला ओइचोमागे वरच्या दोन विभागांतले, म्हणजे ज्यूर्यो आणि माकुउची, पैलवान बांधतात. खालच्या विभागांतल्यांना तो एरवी नाही, काही ठरावीक प्रसंगीच मिळतो. तो बांधणारे तोकोयामा हे सुमोतले खास केशरचनाकार. त्यांच्या बिनत्सुके मेणाची चकाकी दाखवायला केसांवर सॅटिन वॉर्निश आणि त्वचेवर मॅट, असं ठरवलंय. पानाची कड पुटीत जाड राहते, म्हणून ती पातळ पितळी पत्र्याची कापून वर पुटीचा हलका थर देणार आहे. पत्र्यावर पुटी नीट धरण्यासाठी कोणी काय वापरतं ते जरूर सांगा.