पासवर्ड

“कंपनीवाले दादा परत कधी येणार? पासवर्ड त्यांनाच माहितीये.”

जिल्हा परिषदेच्या शाळेत आज सातवीतल्या एका मुलीनं मला हे विचारलं. मागे दहा नवे संगणक, सगळ्यांवर प्लास्टिकचं कव्हर. भिंतीवर कंपनीचा भलामोठा फलक. (फलक मात्र रोज पुसला जात असावा, चकचकीत होता.)

मग तिनं वही उघडली. मधल्या दोन पानांवर पट्टीनं आखलेला अख्खा कीबोर्ड. “विसरायला नको म्हणून घरी यावर बोटं फिरवते.” एफ आणि जे या अक्षरांखाली खऱ्या कीबोर्डवर असते तशी बारीक रेघसुद्धा काढली होती!

2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला सांगतं. चांगलंच आहे, त्यातूनच तर हे संगणक आले. पण कंपनीचं खर्चाचं वर्ष मार्चअखेर संपतं, आणि शाळा जूनमध्ये पुन्हा भरते.

प्रशिक्षण मुलांना दिलं, तसं बाईंनाही का नाही दिलं? निदान पासवर्ड तरी?