तुम्ही विचारलंत म्हणून : पेलेटचा वास

"भाऊ, याना वास येस का?"

धुळ्यात डिसेंबर लागला आणि सकाळी हंड्यात हात घालवेना, की पेलेटची, म्हणजे भुसा-काड्या कुटून दाबलेल्या जळणाच्या कांड्यांची, गोणी उचलायच्या आधी गिऱ्हाइकाचा हा प्रश्न येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा: सागाचं घेऊ की बाभळीचं, वास कोणाचा बरा? आणि भरिताच्या वांग्यांचे ढीग लागले की तिसरा, तोही तक्रारीच्या सुरात: कपाशीच्या काडीचं पेलेट आहे म्हणता, मग भरिताला तो वास का येत नाही? या तिन्हींना मी काट्यावर गोणी ठेवता ठेवता तीन-तीन शब्दांत उत्तरं देत आलो. ती अर्धवट होती, एक तर चक्क चुकीचं होतं. आता एकदाच नीट लिहितो. फॅनची चूल म्हणजे छोटा पंखा भोकांतून हवा फुंकतो ती पेलेटची चूल; बाकी तुम्हाला माहीत आहे, म्हणून ते सोडतो.

आधी गोणीतला वास. हा थंड वास, जळण्याशी त्याचा संबंध थोडा, पण माल ओळखायला नाकासारखं यंत्र नाही. सागाच्या भुशाचं पेलेट जुन्या चामड्यासारखं वासतं, थोडं रबराकडे झुकणारं, कारण सागात तेलकट द्रव्यं भरपूर. (त्यात सिलिकाही असते. ती डायची, म्हणजे भुसा ज्यातून दाबून काढतात त्या साच्याची, भोकं खाते, म्हणून सागाचा माल बनवणारा नेहमी कुरकुरतो.) बाभळीचा वास तुरट. तिची साल कातडं कमावायला वापरतात, तोच टॅनिनचा तुरटपणा नाकाला लागतो. निलगिरीच्या लाकडाला फारसा वास नसतो. औषधाच्या बाटलीसारखा आला, तर भुशात पाला मिसळलाय असं समजा. भुईमुगाच्या टरफलांचं पेलेट भाजक्या शेंगांसारखं येतं आणि पोरांना आवडतं. सोयाबीनचं कुटार मात्र मी घरगुती गिऱ्हाइकाला देत नाही. शेंगांत दाणे राहिलेले असतात, दाण्यात प्रथिनं, आणि प्रथिनं जळाली की केस जळाल्याचा वास येतो. तो स्वयंपाकघरात दोन दिवस मुक्काम करतो.

चिडाचं, म्हणजे पाइनचं, वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे ते यंत्रांच्या पॅकिंगच्या पेट्यांमधून येतं. ताजं असताना टर्पेंटाइनसारखा छान वास. दोन-तीन आठवड्यांनी तोच माल खवट तेलासारखा, जवसाच्या तेलाच्या जुन्या रंगासारखा येऊ लागतो. लाकडातली स्निग्धाम्लं हवेशी लागून सडतात, त्यातून हेक्झॅनलसारखी द्रव्यं निघतात, त्यांचा हा वास. तो आला म्हणून माल टाकू नका. पण त्याच क्रियेत कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायूही निघतो. युरोपात घरं तापवायला पेलेटच्या खोल्याच्या खोल्या भरून ठेवतात, तिथे बंद साठ्यात शिरून माणसं गेली आहेत. तुमच्या दोन गोण्यांना ही भीती नाही. ट्रकभर माल बंद खोलीत भरणाऱ्यानं मात्र दार उघडून, वारा खेळू देऊन मगच आत जावं. पेटीच्या फळीवर 'एचटी' छाप असेल तर ती उष्णतेनं निर्जंतुक केलेली. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती भुशात घेऊ नये.

डोळ्यांत चुरचुरणारा, फर्निचरच्या नव्या दुकानासारखा वास आला तर गोणी परत करा, माझी असली तरी. तो प्लायवूड किंवा एमडीएफचा भुसा. त्यातला डिंक युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. खात्रीसाठी चार पेलेट पेलाभर पाण्यात टाका. चांगलं पेलेट लगेच बुडतं आणि काही मिनिटांत फुगून भुसा होतं, कारण त्याला धरून ठेवणारं लाकडातलंच लिग्निन असतं. डायमध्ये शंभर अंशांच्या आसपास तापून ते मऊ होतं आणि थंड झालं की घट्ट बसतं. पाण्यात तासभर तसंच कडक राहिलं, तर आत दुसरंच काही आहे.

आंबूस वास म्हणजे काडी ओली कुटली. बोंडअळीच्या धाकानं फरदड (त्याच झाडांचा पुढचा बहर) न ठेवता डिसेंबरअखेर कपाशी उपटतात, काड्यांच्या गंज्या बांधाला लागतात, वरून अवकाळी पाऊस पडतो आणि गंजी आतून तापते. कुटताना काडीत दहा ते पंधरा टक्के ओल चालते. त्यावर गेली की पेलेट भुसभुशीत, त्याखाली गेली की डाय करपवते आणि काळंकुट्ट, चकचकीत, जळक्या साखरेच्या वासाचं पेलेट बाहेर पडतं. कुबट वास असेल तर दोष तुमच्या घरचा: गोणी फरशीवर ठेवलीत. खाली फळी घाला.

सुगंधी पेलेट मागणारेही आहेत. एकानं रोशा गवताचं सुचवलं. कल्पना वाईट नव्हती. खानदेशातलं रोशाचं तेल पूर्वीपासून नावाजलेलं, त्यातल्या जिरॅनिऑलला गुलाबाचा वास. पण तेल काढून झाल्यावर गवतात उरतं किती? आणि जे उरतं ते डायच्या तापात उडून जातं. अगरबत्ती लावा, स्वस्त पडेल.

आता जळतानाचा वास. इथे माझं म्हणणं एका वाक्याचं आहे आणि तेच कोणाला पटत नाही. नाकाला येतो तो धुराचा वास म्हणजे न जळलेलं लाकूड. तापलं की लाकडातून आधी वायू निघतो. लिग्निनमधून ग्वायकॉलसारखी द्रव्यं निघतात, त्यांना आपण 'धुराचा वास' म्हणतो. लाकडातल्याच हेमिसेल्युलोजमधून ॲसिटिक आम्ल निघतं, डोळे झोंबण्यात त्याचाही वाटा. हा वायू वरच्या भोकांतून येणाऱ्या हवेशी मिळून सातशे-आठशे अंशांवर पुरता जळला, की साग काय, बाभूळ काय, निंब काय, सगळ्यांचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. लाकडाची जात तिथे संपते. म्हणून 'कोणत्या लाकडाचा वास बरा' या प्रश्नाला चुलीजवळ उत्तर नाही. चूल नीट चालली तर कुठल्याच लाकडाचा येत नाही, आणि येत असेल तर कोणत्याही लाकडाचा वाईटच.

येतो तो पेटवताना आणि मध्येच भर घालताना. पेलेट वरच्या भोकांच्या बोटभर खाली राहील एवढंच भरा. पेटवायचं वरून: चार बारीक तुराट्या, कापराची एक वडी, फॅन अगदी मंद. पहिल्या मिनिटालाच फॅन पूर्ण सोडलात तर ज्वाळा विझते आणि पांढरा धूर उसळतो. पांढरा धूर म्हणजे वायू निघतोय पण जळत नाही. फॅन बंद करा, वरून पुन्हा काडी लावा. लाल निखाऱ्यावर मूठभर नवं पेलेट टाकलंत तरी हेच होणार. एकदा भरलं ते संपू द्यायचं.

बंबाचं तर सगळेच चुकतात. बंबाची जाळी ढलप्यांसाठी असते. पेलेट एक तर खाली गळतं, नाही तर गच्च बसून हवा कोंडतं आणि धुमसत राहतं. भोकं पाडलेला पत्र्याचा डबा जाळीवर ठेवा, खालून दोन बोटं मोकळी जागा हवी. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसला न्यायला सव्वातीनशे ग्रॅम पेलेट पुरतं. लोक किलोभर ओततात आणि मग म्हणतात, वास येतो. बंब अंगणात किंवा पडवीत असेल तरच हे सगळं, न्हाणीघरात नाही. का, ते पुढे येतंय.

भरिताचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. काडीच्या मोकळ्या जाळावर वांगं भाजतं तेव्हा निम्मा धूर न जळताच वांग्याच्या सालीला आणि आतल्या ओलीला चिकटतो. तोच तुमचा 'तो वास'. फॅनच्या चुलीत तो धूर वांग्यापर्यंत पोचायच्या आत जळतो. काडी तीच, कपाशी तीच, फक्त धूर उरत नाही. धूर नको म्हणून पेलेट नेता आणि धूर नाही म्हणून भांडता, हे मला वर्षानुवर्षं कळलेलं नाही. (कळतं. मलाही गॅसवरचं भरीत चालत नाही.)

आता चुकीच्या उत्तराकडे येतो. ते मी गोणीवर छापलं होतं, ठळक अक्षरांत: 'धूर नाही, वास नाही, काळजी नाही.' पहिले दोन शब्दप्रयोग खरे होते. तिसरा मी पहिल्या दोघांवरून काढला होता, आणि इथेच घात झाला.

जानेवारीतली रात्र होती. एका गिऱ्हाइकाची खोली, दहा बाय बारा, उंची नऊ फूट, एक खिडकी, तिला थंडीसाठी पोतं लावलेलं. अंगणात लोखंडी घमेल्यात दीड किलो पेलेट पेटवलं. पाऊण तासात ज्वाळा बसली. खाली लाल, स्वच्छ निखारा, ना धूर, ना वास. आत नेऊ का, असं त्यांनी फोनवर विचारलं. मी विचारलं, धूर आहे का? नाही. वास? नाही. मग म्हटलं, "आते मझार लई जा." घमेलं आत गेलं, दार लागलं, तिघं झोपली.

नंतर मी हिशोब केला. आधी करायला हवा होता. दीड किलोतून मागे राहतो पाव किलोच्या आसपास निखारा, जवळजवळ शुद्ध कार्बन. त्याच्या वर राखेचा थर चढतो, हवा आतपर्यंत पोचत नाही, कार्बनला हवा तेवढा ऑक्सिजन मिळत नाही. शिवाय तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लाल थरातून जाताना परत मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यावर निळी ज्वाळा नाचते ना, तो हाच वायू जळत असतो. ती दिसेनाशी झाली की आपण म्हणतो, जाळ बसला. खरं तर तेव्हापासून तो न जळता खोलीत उतरू लागतो. पाव किलोतला दहावा भाग, पंचवीस ग्रॅम कार्बन, असा गेला तरी सुमारे ५० लिटर मोनॉक्साइड होतो. खोलीत हवा तीस हजार लिटरच्या थोडी वर. म्हणजे दहा लाखांत सोळाशे भाग. दाराच्या फटींतून निम्मा गेला असं धरा, तरी आठशे. आठशे भागांना पाऊण तासात डोकं गरगरतं आणि मळमळतं, दोन तासांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून जास्त पट घट्ट धरतं.

घरच्या दोघांचं डोकं दुखत होतं. थंडी बाधली म्हणून त्यांनी बाम चोळला आणि पुन्हा आडवे झाले. आजी तीनच्या सुमाराला लघवीला उठल्या आणि दारात कोसळल्या. दार बाहेर उघडणारं होतं म्हणून त्यांच्या अंगाच्या भारानं उघडलं. आत उघडणारं असतं, तर हे लिहायला मी धजलो नसतो.

दवाखान्यात बोटाला चिमटा लावला तेव्हा ऑक्सिजन ९८ आला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: ते साधं यंत्र मोनॉक्साइड लागलेलं रक्त आणि ऑक्सिजन लागलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही. शेगडीचं कोणी सांगितलं म्हणून डॉक्टरांनी आकड्याकडे न पाहता मास्क लावला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा जायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर तास-दीड तास. तिघं घरी परतली. मला कोणी काही बोललं नाही, आणि ते अजून सलतं.

माझ्या बाजूनं मी पुष्कळ वाद घातला आहे. कोळशाच्या शेगड्या पूर्वी घराघरांत होत्या. होत्या, पण कौलारू घरात, कुडाच्या भिंतीत. स्लॅबच्या खोलीत पोतं लावून नव्हत्या. लाकडाच्या निखाऱ्यानंही हेच झालं असतं. झालं असतं. पण लाकूड धुमसत राहतं, त्याला वास असतो, डोळे चुरचुरतात, माणूस आपण होऊन घमेलं बाहेर ठेवतो. माझ्या मालानं ती सूचना काढून घेतली होती, आणि मी ती काढल्याचे पैसे घेत होतो.

ज्याला धूर जायला नळी नाही असं काहीही बंद खोलीत नको: पेलेट, कोळसा, गोवरी, काहीही. खिडकी बोटभर उघडी ठेवू का, असं विचारतात. मोनॉक्साइडचं वजन हवेच्या जवळपास तेवढंच, तो ना खाली बसतो ना वर साठतो. बोटभर फट पुरते की नाही हे खोली, वारा, निखारा यांवर आहे. ते झोपलेल्या माणसाला मोजता येत नाही, म्हणून मी 'हो' म्हणत नाही. न्हाणीघर तर याहून लहान: पाच बाय सहा, उंची आठ, आत हवा आठ किलो. सव्वातीनशे ग्रॅम पेलेट नीट जळायलाच त्यातली दोन किलो तरी लागते.

गॅसच्या सिलिंडरला मुद्दाम घाण वास देतात, मरकॅप्टनचा, गळती कळावी म्हणून. पेलेटमध्येही असं काही घाला, असं आता नवीन सुचवतात. मीही महिनाभर त्याच्यामागे होतो. लसणाची पूड, निंबोळीची पेंड, दोन्ही मिसळून पाहिली. पहिली दहा मिनिटं अंगणात उभं राहवत नव्हतं. जाळ बसला तेव्हा घमेल्यावर नाक धरलं. काही नाही. जे उडणारं आहे ते ज्वाळेसोबतच जातं, निखाऱ्यात फक्त कार्बन उरतो, आणि त्याला वास देणारं काही मला सापडलेलं नाही.

गोणीवरची ओळ काढली. तिथे आता काय छापायचं ते ठरत नाही, म्हणून पांढरी पट्टी आहे. लोक विचारतात, छपाई राहिली का?