करारावरची दुसरी सही

देणी झेपेनाशी झालेल्या माणसांची घडी बसवून देणं हे माझं काम. पगार, भाडं, वाणसामान, प्रवास सगळं मांडायचं, उरेल त्यातून महिन्याला किती हप्ता निघतो ते ठरवायचं आणि देणं असलेल्या बँकांकडून त्याला होकार मिळवायचा.

अशी ५ वर्षांची योजना चालू असलेला एक तरुण त्या दिवशी वेळ न घेताच आला. सोबत त्याची जोडीदार. दोघं पहिल्यांदाच एकत्र घर भाड्याने घेत होते, संध्याकाळी सह्या व्हायच्या होत्या. तिने करार टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे न बघता मला विचारलं, "मी सही केली तर याचं कर्ज माझ्या गळ्यात पडेल का?"

तो खिडकीबाहेर बघत होता. हे आदल्या रात्रीचंच भांडण असणार.

उत्तर सोपं होतं. लग्न झालेलं नाही, कर्जाच्या कागदावर तिची सही नाही, ती जामीन नाही. मग ते कर्ज तिच्याकडे येत नाही. फक्त संयुक्त खातं उघडू नका, म्हटलं. खातं एक झालं की दोघांच्या पतनोंदी, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याच्या नोंदी, जोडल्या जाऊ शकतात, आणि उद्या तुम्ही कर्ज मागितलंत तर याचीही नोंद बघतील. तिने सुस्कारा सोडला, पर्समधून पेन काढलं.

करार वाचणं खरं तर माझं काम नव्हे. तरी मागून घेतला. तिसऱ्या पानावर ते वाक्य होतंच: भाडेकरू "संयुक्तपणे व स्वतंत्रपणे" जबाबदार राहतील. म्हणजे अर्धं-अर्धं हा तुमचा आपसातला हिशेब. मालकाच्या लेखी प्रत्येक जण सगळ्या भाड्याला बांधील. उद्या हा निघून गेला तरी मालक पूर्ण रक्कम तुमच्याकडे मागू शकतो. ज्या कर्जाच्या धास्तीने ती रात्रभर जागी होती ते तिला शिवणारही नव्हतं, आणि जे बांधणार होतं त्याचा तिने विचारच केला नव्हता.

"मग घर एकटीच्या नावावर घेते." घेता आलं असतं. पण मग सगळा भार तिच्यावर, आणि त्याला त्या घरात भाडेकरू म्हणून हक्क नाही. शिवाय एका पगारावर मालक तयार व्हायला हवा.

तेवढ्यात तो म्हणाला, "भाडं वाटून घेतलं की पैसे सुटतील, त्यातून सामान घेऊ." माझ्या जिवावर आलं, पण सांगणं भाग होतं. हप्ता खर्चावरून ठरतो. आज भाड्याला १०० जात असतील आणि उद्या ६० गेले, तर वाचलेल्या ४० मुळे हप्ता वाढू शकतो. आणि घरखर्चातला त्याचा वाटा रास्त आहे का, हे बघायला तिचा पगारही विचारतात.

"माझा पगार? आत्ताच म्हणालात ना, माझा संबंध नाही!"

ती चिडली ते बरोबरच होतं. तिचा एक पैसाही कर्जात जात नाही, आकडा फक्त वाटा ठरवायला लागतो, हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ते मलाच पोकळ वाटलं. २ वर्षांपूर्वी योजना आखताना मी त्याला नवं कर्ज काढू नका, पत्ता बदलला तर कळवा, एवढंच सांगितलं होतं. कोणासोबत राहायचा विचार आहे का, हे विचारलंच नव्हतं. चोंबडेपणा वाटतो म्हणून.

घर भाड्याने मिळावं म्हणून मालकाला द्यायच्या अर्जातला "कर्जतडजोड (म्हणजे अशी हप्त्यांची योजना) चालू आहे का" हा रकाना त्याने कोरा सोडला होता. तो मी भरायला लावला. पतनोंद तपासली की ते दिसणारच. सोबत २४ हप्ते वेळेवर भरल्याचं पत्र तिथेच छापून दिलं.

त्या संध्याकाळी सह्या झाल्या नाहीत. ४ दिवसांनी झाल्या, दोघांच्याही. मालकाने जामीनदार मागितला, तिचा भाऊ उभा राहिला. जामीन राहणं म्हणजे काय ते मी त्याला फोनवर नीट सांगितलं. अनामत तिने भरली आणि पावती स्वतःच्याच नावाने घेतली.

पुढच्या आठवड्यात तो खर्चाचा नवा तक्ता घेऊन आला. सगळे आकडे शाईने लिहिलेले होते, तिचा पगार तेवढा पेन्सिलीने.