ट्रायकोडर्माचा वास पकडताना: माझा अनुभव

ट्रायकोडर्मा ही पिकांच्या रोगकारक बुरशींना अडवणारी बुरशी. काचपेटीत (पेट्री प्लेटमध्ये) वाढवलेल्या तिच्या चार दिवसांच्या प्लेटला पुष्कळदा ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. हा वास ६-पेन्टिल-अल्फा-पायरोन, म्हणजे ६-पीपीचा. सगळ्या जातींना तो येत नाही. ट्रायकोडर्मा ॲट्रोव्हिरिडे या जातीत सहसा ठळक असतो. मात्र झाकण उघडून हुंगायच्या फंदात पडू नका, बीजाणू थेट नाकात जातात.

वासाने रोगकारक बुरशी अडते का, हे मी दोन प्लेट तोंडाला तोंड लावून बघतो. दोन्ही तळांत १५-१५ मिली पीडीए, म्हणजे बटाटा-डेक्स्ट्रोज आगर, बुरशी वाढवायचं माध्यम. एकीत ट्रायकोडर्माची ५ मिमी चकती, दुसरीत स्क्लेरोशियम रोल्फसायची, म्हणजे भुईमुगाची खोडकूज करणारी बुरशी. ट्रायकोडर्मा नेहमी खाली. वर उपडा ठेवला की हिरवे बीजाणू खालच्या प्लेटवर झडतात आणि आपण वासाचा परिणाम म्हणून चक्क संसर्ग मोजत बसतो. ट्रायकोडर्मा ४८ तास आधी लावतो, कारण स्क्लेरोशियमही झपाट्याने वाढते. मग वरची प्लेट उपडी ठेवून पॅराफिल्मचे (ताणून चिकटणाऱ्या मेणासारख्या पट्टीचे) तीन वेढे, आणि २८ अंशांवर. आगर ओतल्यावर लॅमिनारमध्ये (गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या कपाटात) नीट सुकू दिलं नाही, तर वरच्या प्लेटवरून थेंब खाली टपकतात. तसा जोड मी सरळ टाकून देतो.

कंट्रोलच्या जोडीत खाली नुसतं पीडीए. तिथली वाढ काठाला टेकायच्या आत मोजायचं. समजा, कंट्रोल ७८ मिमी आणि वासातली ५२ मिमी. चकतीचे ५ मिमी दोन्हींतून वजा केले की ७३ आणि ४७, म्हणजे अटकाव ३५.६ टक्के. वजा न करता तोच ३३.३ येतो, तेव्हा कुठली पद्धत वापरली ते लिहून ठेवा.

एवढ्यावर खूश होऊ नये. बंद जागेत ट्रायकोडर्मा भराभर ऑक्सिजन खातो, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि वाढ त्यानेही मंदावू शकते. म्हणून आणखी एका जोडीत छोट्या निर्जंतुक टोपणात १ ग्रॅम सक्रिय कोळसा ठेवतो. तो वासाची द्रव्यं ओढून घेतो, कार्बन डायऑक्साइडला मात्र फारसा हात लावत नाही. कोळशाच्या जोडीत वाढ परत आली, तरच श्रेय वासाला. शेवटी अडलेल्या बुरशीची चकती ताज्या पीडीएवर हलवायची. वाढली, तर ती मेली नव्हती, नुसती थांबली होती.

पुढे जीसी-एमएस, म्हणजे वासातली द्रव्यं कॉलम नावाच्या लांब बारीक नळीतून वेगळी करून त्यांच्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र. २० मिलीच्या हेडस्पेस व्हायलमध्ये (आतल्या हवेचा नमुना घ्यायच्या छोट्या बाटलीत) ५ मिली पीडीए तिरपं गोठवून त्यावर बुरशी लावतो. सुरुवातीचे दिवस तोंडाला कापूस. सेप्टमचं (सुई आरपार जाणाऱ्या रबरी पडद्याचं) झाकण नमुना घ्यायच्या काही तासच आधी. पहिल्यापासून बंद ठेवलं तर बुरशी गुदमरते आणि वासाचं मिश्रणच बदलतं. ४० अंशांवर १० मिनिटं स्थिर केल्यावर डीव्हीबी-कारबॉक्सेन-पीडीएमएस फायबर, म्हणजे वास शोषणारा लेप दिलेला बारीक धागा, सुईतून बाहेर काढून अर्धा तास व्हायलमधल्या हवेत ठेवतो. ते आगरला किंवा काचेला टेकता कामा नये. मग यंत्राच्या २५० अंशांच्या इंजेक्टरमध्ये ३ मिनिटं, स्प्लिटलेस, म्हणजे नमुन्याचा भाग बाहेर न सोडता. कॉलम ३० मीटरचा, ५ टक्के फिनाइलवाला.

सगळ्यात जास्त घोळ ब्लँकवर, म्हणजे बुरशीशिवायच्या तपासणीवर होतो. बुरशी न लावलेलं पीडीएसुद्धा ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने आल्डिहाइडं सोडतं; ३-मिथाइलब्युटॅनाल आणि बेन्झाल्डिहाइड तिथेच दिसतात. तुकड्यांच्या वस्तुमानात ७३, २०७, २८१ हे आकडे दिसले की ते सिलोक्सेन, म्हणजे कॉलमचा, सेप्टमचा किंवा फायबरचा कचरा. त्यामुळे दर फेरीत नुसत्या फायबरचं एक ब्लँक आणि नुसत्या माध्यमाची तीन व्हायल. या ब्लँकना वेळ लागतो म्हणून ती गाळायचा मोह होतो. मी त्याऐवजी नमुने कमी करतो.

६-पीपीचा रेणुभार १६६, आणि वस्तुमानाच्या आलेखात सर्वांत उंच रेघ ९५ वर. यंत्रातल्या आलेखांच्या लायब्ररीने नाव सुचवलं एवढ्याने भागत नाही. त्याच पद्धतीत सी८ ते सी२० अल्केन चालवून रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे द्रव्य कॉलममधून बाहेर पडायच्या वेळेचा अल्केनशी ताडलेला आकडा, काढतो. ६-पीपी विकत मिळतं, ते टोचून वेळ जुळते का बघतो. ज्याचं स्टँडर्ड (ताडून बघायला शुद्ध नमुना) नाही, त्यापुढे ‘तात्पुरती ओळख’ असंच लिहितो. शिखरांच्या क्षेत्रफळावरून टक्केवारी काढणंही टाळतो, कारण फायबरवर द्रव्यं जागेसाठी भांडतात आणि प्रत्येकाची ओढ वेगळी असते. प्रमाण हवंच असेल, तर त्याच व्हायलमध्ये, त्याच पीडीएवर, ६-पीपीची पाच पातळ्यांची मालिका लावावी लागते.