चौथ्या तासाचा प्रश्न

१९९६ साली मी नववीत होतो. सहामाही परीक्षेच्या आधी आम्ही काही मुलामुलींनी फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम हाती घेतली. धूर आणि आवाज ही कारणे होतीच, पण आम्हांला खरे पेटवले ते तमिळनाडूतल्या शिवकाशी या फटाके आणि आगपेट्या बनवणाऱ्या गावातल्या बालकामगारांविषयी वर्तमानपत्रात आलेल्या एका लेखाने. (पेटवले हा शब्द इथे शोभत नाही, पण झाले तसेच.) पहाटेच्या अंधारात गाडीत बसून कारखान्यात जाणारी, लाकडी चौकटीच्या खाचांत आगकाड्या एकेक करून बसवणारी आणि नगावर मजुरी मिळवणारी ती मुले आमच्याहून लहान होती.

आम्ही संकल्पपत्रे छापून घेतली आणि वर्गावर्गांत जाऊन सह्या गोळा केल्या. चौथ्या तासाला आमच्याच वर्गात पत्रे वाटत असताना शेवटच्या बाकावरचा एक मित्र उभा राहिला. त्याचे वडील दरवर्षी बाजारपेठेत फटाक्यांचा गाळा लावत. "फटाके कुणी घेतलेच नाहीत, तर ती पोरं खाणार काय?" एवढेच त्याने विचारले. आमच्यापैकी कुणालाही उत्तर देता आले नाही. तास भूगोलाचा होता. सरांनी प्रश्न फळ्यावर लिहिला आणि भारताचा नकाशा भिंतीवर टांगला.

शिवकाशीचा परिसर कोरडा आहे. हवा कोरडी म्हणून आगकाड्या आणि फटाक्यांची दारू लवकर वाळते, आणि पाऊस अपुरा म्हणून शेतीवर घर चालत नाही. म्हणजे ज्या कारणाने तिथे धंदा भरभराटला, त्याच कारणाने त्याला स्वस्त हातही मिळाले, हे सरांनी खडूने दोन बाण काढून दाखवले. १९८६ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवण्यास मनाई केली होती; मात्र कुटुंबाने स्वतः चालवलेल्या कामाला त्यातून सूट होती, त्यामुळे घरच्या ओट्यावर काम करणारे मूल कायद्याच्या हाती लागत नव्हते. त्या दिवशी आमच्या गठ्ठ्यातली बरीच संकल्पपत्रे तशीच राहिली. ती नंतर वाटली, पण पूर्वीच्या जोरात कुणी बोलले नाही. दिवाळीत मामाच्या गावी मी स्वतः लवंगी माळ लावली, हेही आज कबूल करून टाकतो.

सुट्टीनंतर, डिसेंबरात, सरांनी एक कात्रण आणले. १० डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनीच, सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या प्रकरणात निकाल दिला होता. कायदा मोडून कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने २०,००० रुपये भरावेत. मुलाऐवजी घरातील एका प्रौढाला सरकारने काम मिळवून द्यावे, ते जमले नाही तर सरकारने ५,००० रुपये घालावेत. आणि त्या निधीच्या व्याजावर मूल शिकावे, असा त्याचा गाभा होता. शेवटच्या बाकावरून आलेला प्रश्न न्यायालयालाही पडला होता, हे पाहून आम्ही चकित झालो. याचिकाकर्ते वकील एम. सी. मेहता हे ताजमहालाला काळवंडवणाऱ्या धुराविरुद्धही लढत होते आणि त्या खटल्याचा निकाल त्याच महिन्याच्या ३० तारखेला लागला. गरिबी, हक्क आणि पर्यावरण हे तीन वेगळे विषय आहेत असे मला पुढे महाविद्यालयात शिकवले गेले. शाळेत तसे कुणी सांगितले नव्हते. निकालाची अंमलबजावणी मात्र आदेशाइतकी सरळ झाली नाही, आणि चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास मनाई करणारी दुरुस्ती व्हायला २०१६ साल उजाडले. तीही घरच्या कामाची वाट पुरती बंद करू शकली नाही.

१९९७ च्या दिवाळीला आम्ही सह्या गोळा केल्या नाहीत. कार्यानुभवाच्या तासाला बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागदाचे आकाशकंदील केले आणि विकायला त्या मित्राच्या वडिलांच्या गाळ्यावर नेऊन दिले. वसुबारसेच्या संध्याकाळी अवकाळी सर आली. लाल कागदाचा रंग पांढऱ्या झिरमिळ्यांवर उतरला आणि निम्मे कंदील तसेच पडून राहिले. विकल्या गेलेल्यांचे पैसे त्याच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत बांधून शाळेत पाठवले. पुढच्या वर्षीही त्यांनी एका फळीवर आमचे कंदील ठेवले. दुसऱ्या फळीवर सुतळी बॉम्ब होतेच.