दहावीची वही मुलाच्याच हातात द्या

दिवसातून चारदा "अभ्यासाला बस" म्हटलं की अभ्यास मुलाचा राहत नाही, आईचा होतो. रविवारी संध्याकाळी 20 मिनिटं त्याच्यासोबत बसा, आठवड्याची कामं त्यालाच लिहू द्या. "गणित करणे" असं लिहिलेलं काम पुढे ढकललं जातं, "सरावसंच 1.2, पहिली पाच उदाहरणं" हे होतं. गणितात लेखी 80 आणि अंतर्गत 20 गुण. अंतर्गतमधले गुण वही उशिरा दिल्याने हकनाक जातात, त्यामुळे तारखा त्यानेच शाळेतून विचारून आणाव्यात.

वही घरी राहिली तर गाडी काढून नाशिकच्या गंगापूर रोडच्या गर्दीतून शाळेत धावू नका. जीव तुटतो, पण बोलणी त्यालाच खाऊ द्या. फॉर्मची शेवटची तारीख मात्र हुकू देऊ नका, तिथे वर्षाचा प्रश्न असतो.

सातपूरचं आयटीआय, पॉलिटेक्निक, अकरावी, तिन्हीकडची फी, बसभाडं, गेल्या वर्षीचा कटऑफ त्याने स्वतः चौकशी करून टिपावा. अकरावीचा ऑनलाइन अर्जही त्यानेच भरावा, तुम्ही फक्त तपासा. पसंतिक्रमावर नीट बोला: पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, मग मित्राच्या नादाने वर टाकलेलं नाव महागात पडतं.